वोबर्न सँड्सच्या जंगलातली मुलतानी माती

मिल्टन कीन्स म्हणजे 1967 साली कागदावर आखलेलं शहर, इथे कसला आलाय इतिहास, असं आपणच मुलांना सांगतो. म्हणून आज एक पायवाट सुचवतो. शनिवारी ब्लेचलीहून बेडफर्डच्या गाडीत बसा आणि तिसऱ्या स्टेशनला, वोबर्न सँड्सला उतरा. या गावाचं जुनं नाव हॉगस्टाय एंड, म्हणजे आपल्याकडे डुक्करवाडीच म्हणाले असते. हाय स्ट्रीटने सरळ चढ चढलात की अ‍ॅस्प्लीचं पाइनचं जंगल लागतं.

या टेकडीच्या पोटात मुलतानी माती आहे. हो, दिवाळीच्या उटण्यात घालतो तीच जात. अकरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या उथळ समुद्रात ज्वालामुखीची राख पडली, तिची ही चिकणमाती झाली. 1723 साली होलोवे नावाच्या पाद्र्याने या खाणींचं वर्णन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. वर लाल-पिवळी वाळू, ती उपसली की खाली माती. झाडीत आज खळगे दिसतात, पण सगळेच या मातीचे नव्हेत, इथून वाळूही पुष्कळ काढली गेली. मुलांना पायवाट सोडू देऊ नका.

एवढी खणाखणी कशासाठी? लोकरीसाठी. मेंढीच्या लोकरीत तेलकटपणा असतो आणि ही माती तो शोषून घेते. विणलेलं कापड माती-पाण्यात घालून माणसं तासन्‌तास पायांनी तुडवत. त्याआधी या कामाला शिळी लघवी वापरायचे (मुलांना एवढंच लक्षात राहणार!). पुढे पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले, पण तुडवणाऱ्यांची नावं उरली. तुमच्या ऑफिसातला वॉकर, फुलर किंवा टकर घ्या, तिन्ही आडनावं याच धंद्याची.

आता खरी गंमत. इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. परदेशी विणकरांना ही माती मिळू नये म्हणून 1660 साली संसदेने कायदा करून लोकरीबरोबर तिचीही निर्यात बंद केली. आम्हा कन्सल्टंट लोकांच्या भाषेत, कच्च्या मालावर पहारा. पण पहारा एवढ्यावर थांबला नाही. भारतातलं छापील सुती कापड इथे इतकं खपू लागलं की लोकर आणि रेशीमवाले ओरडू लागले. 1700 साली त्याच्या आयातीवर बंदी आली, आणि 1721 च्या कायद्याने बहुतेक छापील सुती कापड वापरणंही गुन्हा ठरलं. मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपला विणकर बुडवला हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या कितीतरी आधी इथल्या लोकरीने त्याच्यासाठी दार लावून घेतलं होतं, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. ते मुलांना या टेकडीवर उभं राहून सांगा.

घरी आल्यावर जुन्या लोकरी मोज्यावर तेलाचा थेंब टाका, वर मुलतानी माती भुरभुरा, रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका.