गोत्र कोणतं?

शाळाप्रवेशाची आपल्याकडची एक फार जुनी मुलाखत छांदोग्य उपनिषदात आहे आणि तिच्यात प्रश्न एकच आहे: गोत्र कोणतं? हारिद्रुमत गौतमांपुढे उभ्या राहिलेल्या सत्यकामाने सरळ सांगितलं की आईला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. तरुणपणी अनेकांकडे सेवा करत असताना तिला मी झालो. ती जबाला, मी सत्यकाम, म्हणून मी सत्यकाम जाबाल. मुलगा अडखळला नाही, याचं श्रेय आपण त्याच्या स्वभावाला देतो. पण निघण्यापूर्वीच त्याने घरी विचारून घेतलं होतं आणि आईने लपवावं असं काही त्याच्या पदरात टाकलं नव्हतं, हे विसरतो. मुलाखतीतला धीर हा मुलाचा अंगभूत गुण आहे, ही समजूत मला कच्ची वाटते. काय विचारलं जातं आणि उत्तरावर काय टांगलेलं असतं, यावर तो बराचसा ठरतो.

पंतोजींच्या शाळेत प्रवेशाची मुलाखत नव्हतीच. मुहूर्त पाहून मुलाला नेत, सरस्वतीची पूजा होई आणि पंतोजी त्याचा हात हातात घेऊन धूळपाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेत. तोंडी परीक्षा मात्र रोजची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी चढती उजळणी, शिवाय घरी दिवेलागणीला परवचा. तोही खड्या आवाजात, वडीलधाऱ्यांच्या कानांवर पडेल असा. या शाळेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. छडी होती, घोकंपट्टी होती आणि मुली व अस्पृश्य मानलेल्यांची मुलं तिच्या ओट्यापर्यंतही पोचत नसत. पण जी पोचत, त्यांना मोठ्यांसमोर तोंड उघडण्याचं वेगळं भय उरत नसे. आजचा पाढा चुकला तर उद्या तोच पुन्हा म्हणायचा असे. हाच तोंडी प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दिपोटी’ म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर विचारू लागला, तेव्हा वर्गाचा नूर पालटला. मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली होती. मुलाच्या सव्वाच्या पाढ्याला आता शाळेच्या पैशांचं वजन लागलं. दिपोटी येणार म्हटल्यावर सडासारवण होई, धुतलेल्या टोप्या येत आणि पोरांच्या आधी मास्तरांचाच घसा कोरडा पडे. पाढे तेच होते, मुलंही तीच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलाखतीने कितीतरी गुणी मुलांना दार उघडून दिलं, त्याचं काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण समोरच आहे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या या विद्यार्थ्याचं कॉलेजचं शिक्षण पैशांअभावी अडलं, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना सयाजीराव गायकवाडांच्या भेटीला नेलं. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पटली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. मुलाखत इथे न्यायाची ठरली, हे मान्यच. पण समोर कॉलेजातला तरुण होता, आपल्या अभ्यासाविषयी स्वतः बोलू शकणारा. आणि शेजारी केळुसकर होते. नर्सरीच्या मुलाखतीला नेलेल्या चार वर्षांच्या मुलाकडे स्वतःचं म्हणून सांगण्यासारखं काय असतं? रंग ओळखला, इंग्रजीत नाव सांगितलं, अनोळखी बाईंकडे पाहून हसलं, हे सगळं घरातून आलेलं. घरात इंग्रजी असेल तर पोर ‘कॉन्फिडंट’, नसेल तर ‘शाय’. गोत्राचाच प्रश्न, फक्त आता तो सफरचंदाच्या चित्रावर बोट ठेवून विचारतात.

तयारी करून घेतली तर धीर येतो, असंही म्हणतात. येतो ना, परवच्याने तो येतच होता. पण ती वर्षानुवर्षांची सवय होती. एका सकाळच्या दहा मिनिटांसाठी पाठ करून घेतलेलं उत्तर पोराला आणखी एक ओझं देतं: आता चुकलं तर आईचा चेहरा पडेल. तरीही सत्यकामाला गुरूने घेतलंच की, असा शेवटचा बचाव उरतो. घेतलं खरं, पण गौतमांचे शब्द अडचणीचे आहेत. इतकं खरं अब्राह्मण बोलणार नाही, असं म्हणून त्यांनी त्याला पदरात घेतलं. म्हणजे गोत्र सापडलं नाही तेव्हा खरेपणातूनच त्यांनी जात काढून घेतली. मुलाच्या उत्तरात घर शोधण्याची खोड इतकी जुनी आहे.

दिल्लीत नर्सरी-प्रवेशाच्या मुलाखतींचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ मध्ये अशोक गांगुली समिती नेमली गेली. तिने मुलाखतीऐवजी गुणांकाची पद्धत सुचवली. त्या गुणांवरही पुढे भांडणं झाली, तो निराळा विषय. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने चाळणीलाच बंदी केली: पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. लक्षात राहण्याजोगी गोष्ट या कलमाच्या शब्दांत आहे. मुलाला चाळणी लावू नये, एवढं लिहून ते थांबत नाही. आईवडिलांना आणि पालकांनाही लावू नये, असं ते म्हणतं. मुलाखत खरी कोणाची चालते, हे मसुदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. जबालेला आश्रमात कोणी बोलावलं नव्हतं. ती घरीच होती.