अर्धे पुस्तक, उरलेले टेबल

कोकणातला दशावतार ज्यांनी रात्रभर जागून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असते की त्या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे हे ठरते. राजा कोण, राक्षस कोण, वध कोणाचा, हेही ठरते. संवाद मात्र नट रंगमंचावर उभे राहून आयत्या वेळी बोलतात. आता कल्पना करा, असे एखादे आख्यान कुणी पुस्तकरूपाने छापले, उत्तम कागद वापरला, चित्रे घातली, किंमत लावली आणि त्याचे परीक्षण तुम्हाला लिहायला सांगितले. तुम्ही पुस्तकाबद्दल लिहाल की त्या रात्रीच्या नाटकाबद्दल? नाटक पडले तर दोष आख्यानाचा की नटांचा? रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकांची परीक्षणे लिहिणारी हौशी मंडळी गेली पन्नास वर्षे याच पेचात बसून लिहीत आली आहेत. त्या पेचातूनच त्यांच्या लेखनाला स्वतःची चव आली, असे मला वाटते. पुढील पाने त्या लेखनाची ओळख करून देण्यासाठी आहेत.

खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी आधी थोडे सांगायला हवे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. खेळणारे त्याला डीएम किंवा जीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राच्या वतीने बोलतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर दगडी दार आहे, खालून गार वारा येतो आहे. खेळाडू आपण काय करतो ते सांगतात. जे जमेल की नाही याची शंका असते, तिथे फासे पडतात. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. सोंगट्या असल्या तर असल्या, पट असला तर असला. शेवटी कुणी जिंकत नाही. मराठीत याला अजून रुळलेला शब्द नाही. 'भूमिकाखेळ' मी एकदा वापरून पाहिला, तर मित्रांनी 'शाळेच्या स्नेहसंमेलनात आहे का?' असे विचारले. तेव्हापासून आम्ही गुमान 'आरपीजी'च म्हणतो.

या खेळाचा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये बाजारात आला. एका खोक्यात तीन चिमुकल्या पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची. लेखक मूळचे छोट्या शिशाच्या सैन्यांची युद्धे खेळणारे. वाचकही तसलाच असणार असे धरून त्यांनी अनेक गोष्टी लिहिल्याच नव्हत्या. खोके विकत घेणाऱ्यांना पुस्तिका वाचून कळेना की हे नेमके खेळायचे कसे. मग त्यांनी एकमेकांना पत्रे लिहिली: तुम्ही या नियमाचा अर्थ काय लावता, तुमच्याकडे काय झाले, आमच्याकडे असे झाले. हौशी परीक्षणाचे मूळ मला या पत्रांत दिसते. पुस्तक चांगले की वाईट, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न होता, 'तुमच्याकडे हे चालले का?'

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे हौशी मंडळींचे नियतकालिक सुरू केले. प्रत्येकाने आपापली पाने तयार करायची, ती सगळी एकत्र बांधायची आणि तो गठ्ठा पुन्हा सर्वांना टपालाने जायचा. कुणी आपल्या खेळाची हकीकत लिहिली, कुणी नवे नियम सुचवले, कुणी मागच्या अंकातल्या माणसाशी भांडण काढले. त्याच ओघात नव्या पुस्तकांवरचे अभिप्रायही आले. ब्रिटनमध्ये १९७७ साली 'व्हाइट ड्वार्फ' हे नियतकालिक निघाले. त्यात 'ओपन बॉक्स' नावाचे परीक्षणाचे सदर होते आणि दहापैकी गुण द्यायची पद्धत होती. तिथल्या सुरुवातीच्या लेखकांत डॉन टर्नबुल होते. या गृहस्थांनी राक्षसांची ताकद गणिती सूत्राने मोजण्याची 'मॉन्स्टरमार्क' नावाची रीत काढली होती. ज्याला राक्षसाचा हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही, तो पुस्तकाचे परीक्षण कोणत्या काटेकोरपणे करील, हे ओळखता येते.

ही सगळी माणसे हौशी होती. मराठीत 'हौशी' या शब्दाला हौशी रंगभूमीने मान मिळवून दिला आहे, म्हणून मी तो निःसंकोच वापरतो. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारा नट आणि रविवारी सहा तास खेळून सोमवारी परीक्षण लिहिणारा माणूस, यांच्यात मला मोठा फरक दिसत नाही.

आता जरा जवळून पाहू. गायगॅक्स यांनी 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस, म्हणजे सूत्रधाराने खेळवायचे तयार आख्यान, १९७५ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या 'ओरिजिन्स' या मेळाव्यातील स्पर्धेसाठी वापरले; ते छापून आले १९७८ मध्ये. एका थडग्यात शिरायचे, एवढीच गोष्ट. सुरुवातीच्याच बोळाच्या टोकाला भिंतीत कोरलेला एक हिरवा सैतानी चेहरा आहे. त्याचे तोंड सताड उघडे, आत मिट्ट काळोख, माणूस सहज आत सरकेल एवढे मोठे. जो सरकतो तो संपतो. फासा टाकून वाचण्याची सवलत नाही. खेळाडूंना दाखवायला चित्रांची वेगळी पुस्तिका सोबत दिलेली असते, त्यामुळे तो चेहरा खरोखरच समोर धरला जातो, आणि टेबलावरचे कुणीतरी 'मी आत डोकावतो' म्हणतेच.

या एका चेहऱ्यावर पन्नास वर्षे परस्परविरोधी मते लिहिली जात आहेत. एक म्हणतो, हा निव्वळ अन्याय आहे. सहा महिने जपलेले पात्र एका वाक्यात गेले. दुसरा म्हणतो, हीच तर गंमत. काळोखात आधी काठी घालून पाहायची अक्कल पात्राच्या कागदावर लिहिलेली नसते, ती खेळाडूकडे असावी लागते. वाचकांनी यातला बरोबर कोण असे विचारू नये. पहिल्याच्या टेबलावर माणसे आपल्या पात्राची कथा जगायला जमली होती, दुसऱ्याच्या टेबलावर कोडे सोडवायला. पुस्तक तेच. स्पर्धेसाठी केलेले साहस घरच्या निवांत खेळात उतरवले की काय होते, हे दोन्ही परीक्षणे शेजारी ठेवली की लख्ख दिसते. एकटे वाचले तर दोन्ही एकांगी वाटतात.

म्हणून या लेखनाकडे येताना वाचकांनी एक सवय लावून घ्यावी: मताआधी टेबल शोधावे. परीक्षकाने हे खेळून पाहिले आहे की नुसते वाचले आहे? किती जण होते, नवखे की मुरलेले, एकच बैठक की वर्षभर चालणारी बैठकांची मालिका, म्हणजे कॅम्पेन? नुसत्या वाचनावर लिहिलेले परीक्षण निरुपयोगी असते असे मी म्हणणार नाही. जाणता गवई चीज कागदावर वाचूनही बरेच काही ओळखतो. पण त्याने तसे सांगावे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका जाडजूड साहसावर मी खूप गोड परीक्षण लिहिले होते. दोनशेहून अधिक पाने, भाषा सुरेख, पात्रांना पूर्वायुष्य, गावाला इतिहास. मी ते दोन रात्रींत कादंबरीसारखे वाचून काढले आणि भरभरून लिहिले. नंतर पुण्यातल्या आमच्या रविवारच्या कंपूबरोबर ते खेळायला घेतले. पहिल्या दहा मिनिटांत एकीने विचारले, 'खानावळवाल्याचं नाव काय?' नाव चौदाव्या पानावर, त्याचे गुपित एकाहत्तराव्यावर, आणि खानावळीच्या नकाशात खोल्यांना आकडेच नव्हते. मी पाने उलटत राहिलो, मंडळी चहा करायला उठली. जे पुस्तक वाचायला सुंदर होते ते चालवायला त्रासाचे होते, आणि हे एकही वाक्य माझ्या परीक्षणात नव्हते.

मुरलेले परीक्षक म्हणूनच अशा गोष्टींवर बोट ठेवतात ज्या नवख्याला क्षुल्लक वाटतील: सूची आहे का, नकाशा आणि वर्णन समोरासमोरच्या पानांवर आहे का, खोलीत शिरताच काय दिसते ते पहिल्या ओळीत आहे की पाचव्या. चौकटीत छापलेला, मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर किती लांब आहे, हेही पाहतात. चार ओळींनंतर खेळाडूंचे लक्ष फाशांशी खेळण्याकडे जाते, हा माझाही अनुभव आहे. त्यांच्या बोलण्यातले काही शब्द कानावर असू द्यावेत. 'क्रंच' म्हणजे नियम आणि आकडेमोड. 'फ्लफ' म्हणजे वर्णने, दंतकथा, वातावरण. 'रेलरोडिंग' हा मोठा आरोप: खेळाडूंनी काहीही ठरवले तरी गोष्ट लेखकाने टाकलेल्या रुळांवरूनच जाते. तो आरोप दिसला की पुढे उदाहरण दिले आहे का ते पाहावे. दिले नसेल तर परीक्षक दमलेला होता असे समजून पुढे जावे.

सगळे खेळ एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही लवकर कळते. सँडी पीटरसन यांच्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये (१९८१) पात्रांचे मन हळूहळू ढासळत जाते आणि तो ऱ्हास आकड्यांत मोजला जातो. तिथे लढाईचे नियम कसे आहेत यापेक्षा रात्री अकरा वाजता टेबलावर शांतता पसरली का, हे परीक्षकाने सांगावे. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या 'फियास्को'ला (२००९) तर सूत्रधारच नाही, आणि एका संध्याकाळात खेळ आटोपतो. त्याला 'यात प्रगतीला वाव कमी आहे' म्हणून गुण कापणे म्हणजे एकांकिकेला तिसरा अंक नाही म्हणून नापास करणे.

गुणांविषयी माझे मत फारसे उदार नाही. दहापैकी सात म्हणजे काय, हे सात देणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. तरी एका काळात या गुणांचा आधार खरोखर होता. २००० साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्या गाभ्याचे नियम वापरून कुणालाही पुस्तके काढण्याची मुभा एका खुल्या परवान्याने मिळाली. बघता बघता लहान-मोठ्या प्रकाशकांची इतकी पुस्तके आली की दुकानदारही गांगरले. त्या पुरात काय उचलावे हे सांगणारे हौशी परीक्षकच होते. भेट म्हणून आलेली प्रत आणि पदरचे पैसे मोडून घेतलेली प्रत यांतला फरक स्पष्ट सांगण्याचा आग्रह चांगले परीक्षक धरतात तो वाचक त्यांच्या शब्दावर पैसे खर्च करतो यासाठीच. लिहिणारा खेळाच्या किती जवळचा आहे, हेही पाहावे लागते. लॉरेन्स शिक यांचा 'हिरॉइक वर्ल्ड्स' (१९९१) हा तोवरच्या खेळांचा मोठा सूचिग्रंथ. शिक स्वतः 'व्हाइट प्लूम माउंटन' या गाजलेल्या साहसाचे लेखक. घरातला माणूस घराबद्दल लिहितो तेव्हा जी माहिती मिळते आणि जी सावधगिरी ठेवावी लागते, ती दोन्ही त्या ग्रंथासोबत येतात.

मराठी वाचकाने या क्षेत्रात यावे असे मला वाटते त्याचे आणखी एक कारण आहे. आमच्याकडे नियम इंग्रजीत असतात आणि खेळ मराठीत चालतो. चौकटीतला मजकूर सूत्रधार मनातल्या मनात मराठीत करून सांगतो. ऑर्क हा राक्षस ऑर्कच राहतो, पण 'टॅव्हर्न'ची खानावळ झाली की कुणीतरी झुणका-भाकर मागवते आणि लेखकाने जमवलेले धुके-बिके क्षणात विरते. कोणते पुस्तक असे भाषांतर सोसते आणि कोणते मोडते, हे परदेशातला परीक्षक सांगू शकणार नाही. ते तुम्हीच लिहायचे आहे.

सुरुवात सोपी ठेवावी. एखादे लहान साहस निवडा, त्यावरची दोन-तीन परीक्षणे वाचा, आणि मग खेळा. त्याच रात्री, झोपण्याआधी, तीन गोष्टी टिपून ठेवा: पुस्तकात शोधाशोध करण्यासाठी खेळ कुठे थांबला, सगळे एकदम कधी बोलू लागले, आणि तुम्हाला पदरचे काय घालावे लागले. शैली वगैरे नंतर.

त्या जाड पुस्तकाची नोंद माझ्या वहीत अजून आहे. जुने परीक्षण मी खोडलेले नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या, कॉलेजातल्या कंपूबरोबर तेच साहस पुन्हा चालवले तेव्हा खाली एवढेच लिहिले: 'खानावळवाल्याचे नाव याही वेळी सापडले नाही. मुलांनी त्याला बापूकाका करून टाकले आणि शेवटपर्यंत त्याच्यावरच संशय घेतला. खरा गुन्हेगार समोरून निघून गेला. साडेबारापर्यंत कुणी घरी गेले नाही.'