सेंटर फील्ड कोणाचं?

बेसबॉलचा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास संपतो. त्यानंतरचे तीन-चार महिने अमेरिकेतले शौकीन जे काही करतात, त्याला 'हॉट स्टोव्ह लीग' असं झकास नाव आहे. बाहेर बर्फ, मैदानं बंद, म्हणून शेगडीभोवती बसून गप्पा. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं. आपल्याकडे पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर जे चालतं तेच. प्रत्येक जण मनातल्या मनात निवड समितीचा अध्यक्ष!

२००५-०६चा हिवाळा मी कामानिमित्त बॉस्टनजवळ काढला. त्या वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकच विषय होता: जॉनी डेमन गेला, आता सेंटर फील्डला कोण?

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या मागच्या, मोकळ्या भागात तीन गडी उभे असतात - डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. हे तिघं म्हणजे आउटफील्ड. त्यातल्या मधल्याला सगळ्यात जास्त जमीन सांभाळावी लागते. त्याला वाऱ्यासारखं पळता यायला हवं, चेंडू बॅटवरून निघता निघता कुठे पडणार ते कळायला हवं, आणि वर फलंदाजीही बरी हवी. असे लोक कुठल्याही काळात मोजकेच असतात. त्यामुळे सेंटर फील्डर गेला की संघाच्या मधोमध भगदाड पडतं.

डेमन हा बॉस्टन रेड सॉक्सचा लाडका. लांब केस, दाढी. २००४ साली न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडून रेड सॉक्स ४-३ने जिंकले. त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात त्याने दोन होमरन मारले होते, आणि त्यातला एक तर चार धावांचा, ग्रँड स्लॅम. पुढे रेड सॉक्सने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि हाच माणूस डिसेंबर २००५मध्ये उठून थेट यांकीजकडे गेला! बॉस्टनने चार वर्षांचे ४ कोटी डॉलर देऊ केले होते, न्यूयॉर्कने ५ कोटी २० लाख दिले. वर यांकीजच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे केस कापले, दाढी काढली. म्हणजे जखमेवर मीठच.

कँटीनमध्ये जे शब्द वापरले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. सर्वात सभ्य शब्द 'गद्दार'. मे २००६मध्ये तो यांकीजच्या कपड्यात फेनवे पार्कवर खेळायला आला तेव्हा हुर्यो उडवली गेली, आणि त्याने शांतपणे हेल्मेट काढून प्रेक्षकांना अभिवादन केलं. मधल्या काळात जानेवारीत रेड सॉक्सने क्लीव्हलँडकडून कोको क्रिस्प नावाचा सेंटर फील्डर मिळवला होता. (हो, नाव हेच. तांदळाच्या कुरमुऱ्यांसारखं.) मग त्याची फलंदाजी पुरेल का यावर महिनाभर वाद.

आमच्यात सेंट लुईसचे एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, टेस्टिंगमध्ये. ते जेवताना फारसे बोलत नसत. एकदा डेमनचं चाललेलं असताना ते म्हणाले, "मी बारा वर्षांचा असताना आमच्या घरी हेच शब्द कर्ट फ्लडबद्दल वापरले जात. मीही वापरायचो." टेबलावरच्या निम्म्या लोकांना फ्लड कोण ते ठाऊक नव्हतं. मलाही नाव पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. त्या शनिवार-रविवारी लायब्ररीत जाऊन जे वाचायला सुरुवात केली ते अजून चालू आहे, म्हणून हा लेख.

कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. १९५८ ते १९६९, सलग बारा मोसम. १९६३पासून सलग सात वर्षं त्याला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचं 'गोल्ड ग्लव्ह' मिळालं. १९६६च्या अख्ख्या मोसमात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. १९६७चं कार्डिनल्सचं आउटफील्ड म्हणजे डावीकडे लू ब्रॉक, मध्ये फ्लड, उजवीकडे रॉजर मॅरिस. त्या वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले. १९६८ला हरले, तेही सातव्या सामन्यात. त्या सामन्यात एका उंच चेंडूचा अंदाज फ्लडला आला नाही, चेंडू डोक्यावरून गेला आणि दोन धावा झाल्या. लोकांना बारा वर्षांचे झेल आठवत नाहीत, हा एक आठवतो.

१९६९मध्ये संघ घसरला आणि गटात चौथा आला. मोसम सुरू होण्याआधीच मालक ऑगस्ट बुश (बिअरवाले) यांनी पत्रकारांसमोर खेळाडूंना खडे बोल सुनावले होते. फटकेबाज हवा होता. ऑक्टोबरमध्ये अदलाबदल ठरली: फ्लड आणि आणखी तिघे फिलाडेल्फियाला, बदल्यात डिक ॲलन आणि दोघे सेंट लुईसला. कागदावर बघाल तर अगदी तर्कशुद्ध. फ्लड ३१ वर्षांचा, पाय आता मंदावणार. ॲलन २७चा, मैदानाबाहेर चेंडू मारणारा. आणि ॲलनला स्वतःलाच फिलाडेल्फिया सोडायचं होतं. तिथले प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकत, म्हणून तो क्षेत्ररक्षण करतानाही हेल्मेट घालत असे. शेगडीभोवतीच्या मंडळींना हा सौदा पसंत पडला असणार. मी तिथे असतो तर मीही 'करा' म्हटलं असतं.

फ्लडला हे फोनवर कळवण्यात आलं. बारा वर्षांनी!

फ्लड काळा होता हे इथे सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९५६-५७ साली तो दक्षिणेकडच्या राज्यांत कनिष्ठ पातळीवर खेळला तेव्हा गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर त्याला हॉटेलात जेवता येत नसे. नंतर १९ वर्षांचा असताना सिनसिनाटीने त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं. तेव्हाही विचारलं नव्हतंच. आता ज्या शहरात संसार, मित्र, धंदा आहे ते सोडून, ॲलनला ज्या शहराने पळवून लावलं तिथे जायचं.

"नाही जात" म्हणायची सोय होती का? नव्हती. इथे मला आमच्या धंद्यातला शब्द वापरू द्या. बेसबॉलच्या करारात एक कलम असे, 'रिझर्व्ह क्लॉज'. सुरुवात १८७९ची. करार संपला आणि खेळाडूने नव्यावर सही केली नाही तर संघाला जुनाच करार एक वर्ष वाढवता येई, त्याच अटींवर. आता त्या अटींतच हे कलमही आलं. म्हणजे वाढवलेल्या करारातही वाढवायचा हक्क, त्याच्या वाढवलेल्यातही.. प्रोग्रामर मंडळींना कळलं असेलच: बेस केस नसलेलं रिकर्शन! खेळाडू एकदा सही करायचा आणि संघाने विकलं, बदललं किंवा काढून टाकलं नाही तोवर जन्मभर त्याच संघाचा. आपल्याकडे नव्या इंजिनिअरांकडून दोन-दोन वर्षांचे बॉण्ड लिहून घेतात त्याबद्दल आपण किती कुरकुर करतो. हा न संपणारा बॉण्ड होता, आणि वर कंपनीला तुम्हाला परस्पर दुसऱ्या कंपनीला द्यायची मुभा.

याच कलमामुळे १९१९च्या डिसेंबरात रेड सॉक्सच्या मालकाने बेब रूथला यांकीजला विकून टाकलं. रूथ तेव्हा गोलंदाजी कमी करून आउटफील्डमध्ये खेळू लागला होता आणि त्या मोसमात त्याने २९ होमरनचा विक्रम केला होता. डेमन आणि रूथ, दोघेही बॉस्टनहून न्यूयॉर्कलाच गेलेले आउटफिल्डर. पण एकाला विकलं आणि दुसरा स्वतःहून गेला. मधल्या ८६ वर्षांत काय बदललं, तर कर्ट फ्लड.

कायद्याची बाजूही विचित्र होती. १९२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉलचे सामने म्हणजे राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यांना लागू नाही. १९५३ला न्यायालयाने पुन्हा तेच धरलं. फ्लड खेळाडू संघटनेच्या मार्विन मिलरना भेटला. हे मिलर पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले अर्थतज्ज्ञ. त्यांनी त्याला साफ सांगितलं की तू बहुधा हरशील, आणि जिंकलास तरी तुला स्वतःला काही मिळणार नाही, तोवर तुझं खेळायचं वय गेलेलं असेल. बाकीच्यांना फायदा होईल का, एवढंच फ्लडने विचारलं.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहिलं. मजकुराचा सारांश असा: बारा वर्षं खेळल्यावर मी माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री करायची मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, तेव्हा इतर संघांकडून येणाऱ्या प्रस्तावांचाही विचार करायचा हक्क मला आहे. क्यूननी नकार दिला. जानेवारी १९७०मध्ये खटला दाखल झाला.

आणि मग लोक चवताळले. फ्लडचा पगार होता वर्षाला ९०,००० डॉलर, फिलाडेल्फिया एक लाख द्यायला तयार. एवढे पैसे घेणारा माणूस गुलामगिरीची भाषा करतो? त्यावर टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने दिलेल्या उत्तराचा अर्थ असा होता की चांगला पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो. सेंट लुईसच्या आमच्या गृहस्थांच्या वडिलांनी म्हणे टीव्हीच बंद केला. ते कारखान्यात कामाला, स्वतः युनियनचे सभासद. "त्यांना संप समजायचा, पण सेंटर फील्डरचा संप समजायचा नाही," असं हे म्हणाले.

खटल्यात साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात आला नाही. संघटनेने एकमताने पाठिंबा दिला होता, पण कोर्टात जाऊन मालकाच्या डोळ्यांत यायचं म्हणजे नोकरीचा प्रश्न. मला त्यांचा राग येत नाही, पण ती रिकामी बाकं विसरताही येत नाहीत.

जून १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५-३ने हरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या सुरुवातीला ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावंच लिहून काढली. भक्तिभाव इतका की निकालाशी सहमत असलेल्या दोन न्यायमूर्तींनी तेवढ्या भागावर आपली सहमती दिली नाही. बेसबॉलची सूट विसंगत आहे हे मान्य, पण ती दुरुस्त करणं काँग्रेसचं काम, असा एकूण सूर. विरोधी मत देणाऱ्या डग्लस यांनी मात्र १९५३मध्ये आपण बहुमताबरोबर गेलो होतो याची खंत नोंदवून ठेवली.

तोवर फ्लडचं संपलं होतं. १९७०चं पूर्ण वर्ष तो खेळला नाही. १९७१ला वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळला, पाय आणि मन दोन्ही साथ देईनात, एप्रिलमध्येच सोडून तो स्पेनला निघून गेला. दारूनेही त्याला गाठलं.

कलम पडलं ते दुसऱ्याच बाजूने. १९७५चा मोसम अँडी मेसरस्मिथ या गोलंदाजाने करारावर सही न करता खेळून काढला. डेव्ह मॅकनॅली यानेही सही केली नव्हती. प्रकरण लवादाकडे गेलं. लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी निकाल दिला की 'एक वर्ष वाढवता येईल' याचा अर्थ एक वर्ष. झालं! शंभर वर्षांचं रिकर्शन एका वाक्यात थांबलं. मालकांनी साइट्झना ताबडतोब कामावरून काढलं, पण निकाल कोर्टात टिकला. १९७६च्या करारात ठरलं की सहा वर्षांच्या सेवेनंतर खेळाडू मोकळा. सरासरी पगार १९७५ला सुमारे ४५,००० डॉलर होता, तो १९८०ला सुमारे १,४३,००० झाला. डेमनचे ५ कोटी २० लाख याच वाटेने आले.

बॉस्टनने २००४च्या जुलैमध्ये आपल्या नोमार गार्सियापाराला शिकागोला देऊन टाकलं होतं. तोही लाडकाच. लोक हळहळले, पण संघाला 'गद्दार' कुणी म्हटल्याचं मला कँटीनमध्ये तरी आठवत नाही. तो 'व्यवहार' होता. तेच खेळाडूने केलं की 'निष्ठा' आठवते. ह्यात काहीतरी खोट आहे, असं मी तेव्हा टेबलावर म्हणून बघितलं. उत्तरादाखल एकाने माझ्या ताटातला केक उचलला.

हिशेब पुढेही चालू राहिले. डेमनने २००९ला यांकीजबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकली. रेड सॉक्सने त्याआधी २००७ला, त्या वेळी अंतिम टप्प्यात सेंटर फील्डला जेकोबी एल्सबरी नावाचा नवा पोरगा होता. डिसेंबर २०१३मध्ये तोही यांकीजकडे गेला, सात वर्षांचे १५ कोटी ३० लाख डॉलर घेऊन. दुखापतींमुळे यांकीजना तो फारच महाग पडला, तेव्हा ह्या वेळी बॉस्टनकर खूश.

१९६९च्या सौद्याचंही सांगून टाकतो. ॲलन सेंट लुईसकडून एकच मोसम खेळला, ३४ होमरन मारले, आणि लगेच लॉस एंजेलिसला दिला गेला. फ्लड आला नाही म्हणून भरपाईदाखल फिलाडेल्फियाला विली मोंटानेझ नावाचा तरुण मिळाला. त्याने १९७१मध्ये सेंटर फील्डला खेळून ३० होमरन मारले. म्हणजे फिलाडेल्फियाचं भगदाड शेवटी बुजलं.

फ्लड जानेवारी १९९७मध्ये ५९ वर्षांचा असताना गेला. पुढच्या वर्षी काँग्रेसने खेळाडूंपुरती ती १९२२ची सूट काढून घेतली, कायद्याला नाव दिलं 'कर्ट फ्लड ॲक्ट'. क्यून २००८ला 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. मिलर २०२१ला, मृत्यूनंतर. डिक ॲलन २०२५ला, तोही मृत्यूनंतर. हे लिहितो आहे तोवर फ्लड तिथे नाही.