झडप बदलल्यावरची गोळी: एक छोटासा इतिहास

ऑपरेशन झाले, टाके भरले, दम लागणे थांबले. मग रक्त पातळ करणारी गोळी अजून कशाला, असे तुम्हालाही वाटत असेल. उत्तर इतिहासात आहे.

1920 च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात 'स्वीट क्लोव्हर' या गवताचा बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या गटाने 1940 च्या सुमारास त्यामागचे रसायन शोधले. ते 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही. याच संशोधनातून वॉरफॅरिन आले: 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी आणि 1954 मध्ये माणसांसाठी औषध म्हणून.

1960 मध्ये सर्जन अल्बर्ट स्टार यांनी इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांच्यासोबत बनवलेली कृत्रिम झडप रुग्णांना बसवली. झडप चालली, पण तिच्यावर गुठळ्या धरत. अशी गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. आजच्या धातूच्या झडपांनाही हा धोका आहे, म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. पूर्वी प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा येई. 1980 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही समान मोजपट्टी स्वीकारली. तुमचा आकडा किती हवा, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. पालक-मेथी खा, पण प्रमाण सारखे ठेवा. वेदनाशामक गोळी किंवा दात काढणे, दोन्ही आधी विचारूनच. आणि बरे वाटते म्हणून गोळी कधीही बंद करू नका.