फायबर कोटिंगचा दर कसा ठरवायचा? मिस्त्री आणि गिऱ्हाईक दोघांनी वाचावं असं

बीड : पुण्या-चाकणकडच्या कंपन्यांत फायबरचं काम शिकून गावाकडे परतलेली पोरं आता आपल्या जिल्ह्यातही हे काम करताना दिसतात. गळका सिमेंटचा हौद आतून फायबरने बंद करणे, ट्रॅक्टरचं फुटलेलं बोनेट जोडणे, धरणावरच्या मासेमारीच्या होडीला थर चढवणे, देखाव्याच्या मूर्ती बनवणे अशी ही कामं आहेत. हाताला काम आहे, पण हिशोब बसत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "फुटाला काय घेता?" मिस्त्री शेजारच्या गावातला दर ऐकून पाच-दहा रुपये कमी सांगतो. काम संपल्यावर खिशात बघितलं तर रोजंदारीएवढंही उरलेलं नसतं.

ऊसतोडीचा टनाचा दर संघटना आणि साखर संघ एकत्र बसून ठरवतात. तो पुरतो की नाही यावर वाद होतो, पण निदान एक आकडा कागदावर असतो. फायबरच्या कामाला असा करार नाही. ज्याचा त्यानेच दर काढायचा. म्हणून तो ऐकून काढू नका, मोजून काढा.

आधी माल मोजा

फायबरचं काम म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला भिजवणारं रेझिन. मॅटवर ३०० किंवा ४५० असा आकडा असतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम मॅट लागते ते तो आकडा सांगतो. हाताने काम करताना १ किलो मॅटला साधारण सव्वादोन ते अडीच किलो रेझिन लागतं. ४५० च्या मॅटचा एक थर वाळल्यावर जवळपास १ मिलिमीटर जाड होतो. एवढं माहीत असलं की माल अंदाजाने आणायची गरज राहत नाही.

समजा हौद १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ५ फूट खोल आहे.

- तळ : ८० चौरस फूट
- चार भिंती : १८० चौरस फूट
- एकूण : २६० चौरस फूट, म्हणजे सुमारे २४ चौरस मीटर
- जोड आणि नासाडी धरून : २७ चौरस मीटर
- ४५० मॅटचे २ थर : सुमारे २५ किलो मॅट
- रेझिन : सुमारे ६१ किलो
- वरचा शेवटचा हात, म्हणजे टॉपकोट : सुमारे १५ किलो

आता पैसे मांडा

खालचे भाव फक्त हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या दुकानदाराचा आजचा भाव विचारून तो इथे टाका.

- रेझिन ६१ किलो, १८० रुपयांप्रमाणे : १०,९८० रुपये
- मॅट २५ किलो, १३० रुपयांप्रमाणे : ३,२५० रुपये
- टॉपकोट १५ किलो, २५० रुपयांप्रमाणे : ३,७५० रुपये
- हार्डनर, ॲसिटोन, ब्रश, रोलर, हातमोजे, मास्क, पॉलिश पेपर : २,५०० रुपये
- मालाची बेरीज : २०,४८० रुपये
- मिस्त्री ४ दिवस, १,००० रुपये रोज : ४,००० रुपये
- जोडीदार ४ दिवस, ६०० रुपये रोज : २,४०० रुपये
- गाडीभाडं : १,२०० रुपये
- ग्राइंडर आणि इतर हत्यारांची झीज : ५०० रुपये
- खर्चाची एकूण बेरीज : २८,५८० रुपये

एखादा कोपरा गळाला तर पुन्हा यावं लागतं. त्यासाठी ५ टक्के बाजूला ठेवा, म्हणजे १,४३० रुपये. वर १५ टक्के नफा धरला तर ४,५०० रुपये. रक्कम झाली ३४,५१० रुपये. २६० फुटांनी भागा, दर आला फुटाला सुमारे १३३ रुपये.

शंभर रुपयांत केलं तर काय होतं?

गिऱ्हाईक म्हणतं, "बाजूच्या गावातला शंभरात करून देतो." तुम्हीही हो म्हणालात. हातात आले २६,००० रुपये. माल, भाडं आणि झीज यांचे २२,१८० रुपये गेले, उरले ३,८२०. जोडीदाराला २,४०० द्यावेच लागतात, कारण तो संध्याकाळी हात पुढे करतो. तुम्हाला राहिले १,४२० रुपये, म्हणजे दिवसाला ३५५. नफा दूरच राहिला, आपल्या जोडीदारापेक्षा तुम्ही कमी कमावलं. पुढे हौद गळाला तर दुरुस्तीही पदरमोड करून करायची.

बरेच मिस्त्री इथेच फसतात. मालाचे पैसे दुकानदाराला दिसतात, मजुरीचे जोडीदाराला दिसतात. स्वतःची हजेरी मात्र कोणी लिहीत नाही. ती पहिली लिहा. हौद बघायला गेलेला अर्धा दिवस, माल आणायला बीडला किंवा संभाजीनगरला घातलेला दिवस, घासकामाचा दिवस, हे सगळं कामच आहे.

जिवाचाही भाव असतो

रेझिनचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. बंद हौदात तो साठतो. डोकं जड होतं, चक्कर येते, माणूस आतच पडू शकतो. त्यामुळे वाफ शोषून घेणारा मास्क, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि हौदाबाहेर सतत लक्ष ठेवणारा एक माणूस, या तिन्हींचा खर्च दरात धराच. साधा कापडी रुमाल ही वाफ अडवत नाही. पैसे वाचवायला एकट्याने हौदात उतरू नका.

दुसरी गोष्ट : कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर शेवटी टाका. हार्डनर साधारण १ ते २ टक्के लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन मगातच घट्ट होतं आणि फेकून द्यावं लागतं. तेव्हा हार्डनर कमी प्रमाणात वापरा, थोडं थोडंच कालवा आणि काम सकाळी लवकर उरका. उन्हाळ्यातल्या कामाला नासाडी थोडी जास्त धरा.

मूळ दर वेगळा, जादा काम वेगळं

समुद्राच्या लाटांवर उभं राहून खेळायची फळी असते, तिला सर्फबोर्ड म्हणतात. हलक्या फोमच्या फळीवर काचेचं कापड आणि रेझिन चढवून ती बनते, म्हणजे काम आपल्याच जातीचं. परदेशातले कारागीर फळीच्या लांबीवर एक मूळ दर ठेवतात. जादा थर, रंग आणि चकाकी यांचे पैसे वेगळे लावतात. ही पद्धत आपल्यालाही घेण्यासारखी आहे. मूळ दरात काय येतं आणि कशाचे पैसे जादा, हे आधीच सांगा :

- जुना रंग किंवा शेवाळ खरवडणे
- भिंतीच्या भेगा भरणे
- तिसरा थर
- पाइपच्या तोंडाचं काम
- ओल सुकेपर्यंत वाया गेलेला दिवस (ओल्या सिमेंटवर फायबर धरत नाही)

गिऱ्हाइकाने काय विचारावं?

स्वस्त दर ऐकला की तीन प्रश्न विचारा. किती थर देणार? मॅट ३०० ची की ४५० ची? रेझिनमध्ये पावडर किती मिसळणार? एका थराचं काम दोन थरांपेक्षा स्वस्त पडणारच, त्यात मिस्त्रीची चूक नाही. पण दोन थरांचे पैसे घेऊन एकच थर दिला तर ती फसवणूक आहे. हौद पिण्याच्या पाण्याचा असेल तर त्यासाठीच असलेलं रेझिन मागा. फायबर पूर्ण पक्कं झाल्यावर हौद धुऊन मगच पाणी भरा.

कागद करा, उचल मागा

दर ठरला की साध्या वहीच्या पानावर माप, थर, मॅटचा आकडा, एकूण रक्कम आणि किती दिवस जबाबदारी घेणार ते लिहा. दोघांच्या सह्या घ्या आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मालाएवढी रक्कम आधी घ्या, पहिला थर झाल्यावर काही, आणि हौद भरून पाणी टिकलेलं दाखवल्यावर बाकीची. भाव रोज बदलतात, म्हणून 'हा दर १५ दिवसांसाठी' असंही लिहा.

कारखाना किंवा संस्थेचं काम घेत असाल तर त्याआधी उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आहे आणि तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर त्यावर व्याज मागता येतं.

शेवटी, गिऱ्हाईक घासाघीस करणारच. तेव्हा दर पाडण्याऐवजी काम कमी करून दाखवा. "दादा, एवढ्या पैशात एक थर बसतो, दोन नाही," असं सरळ सांगा. हिशोबाचं पान त्याच्या समोर ठेवा. तरीही पटलं नाही तर ते काम सोडा. घरचे पैसे घालून दुसऱ्याचा हौद बांधून देण्यापेक्षा ते चार दिवस दुसऱ्या रोजगाराला गेलेलं बरं.