दम, नाडी आणि ठोका : व्यायामाच्या मोजमापाचा एक छोटा इतिहास

मराठीत श्रमाची भाषा मुख्यतः श्वासाची भाषा आहे. माणूस दमतो, दम खातो, दम धरतो, दमाने घेतो, धापा टाकतो, फारच झाले तर ऊर फुटेस्तोवर धावतो. गाणाऱ्याचा दमसास असतो आणि मल्लाचाही असतो. हृदयाच्या ठोक्याला मात्र आपल्या भाषेने श्रमाचे काम फारसे सांगितलेले नाही. काळजाचा ठोका चुकतो तो भयाने, वार्तेने, क्वचित प्रेमाने, जोर-बैठकांनी नव्हे. 'ठोका' हा शब्द मोजणीच्या अर्थाने वापरायचा झाला तर तो घड्याळाचा असतो : दहाच्या ठोक्याला वर्ग भरतो. आज मात्र व्यायाम करणारा तरुण "किती दमलास?" या प्रश्नाला मनगटाकडे पाहून "एकशे बासष्ट" असे उत्तर देतो. दमाकडून ठोक्याकडे झालेले हे स्थित्यंतर कसे घडले, आणि स्वस्तातले हृदयगती-मापक यंत्र, म्हणजे बाजाराच्या भाषेत 'हार्ट रेट मॉनिटर', निवडताना या इतिहासाचा काही उपयोग होतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटू नये. मोजमाप बदलले की शब्द बदलतात, आणि शब्द बदलले की शरीराकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

प्रथम 'दम' या शब्दाकडेच पाहू. श्वास या अर्थाचा 'दम' फारसीतून आला. संस्कृतातला 'दम' म्हणजे निग्रह, शम-दमातला. मराठीत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या इतके निकट नांदतात की 'दम धरणे' या प्रयोगात श्वास किती आणि संयम किती हे सांगणे अवघड व्हावे. व्यायामाच्या जुन्या शास्त्रातही या दोहोंची अशीच सांगड आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे; तोही थंडीत आणि वसंतात, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. अतिरेक करणाऱ्याचा नाश हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा होतो, ही त्याचीच उपमा. मग अर्धी शक्ती संपली हे ओळखावे कसे? सुश्रुताची खूण अशी की हृदयस्थानी असलेला वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे आजच्या भाषेत माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धे बल खर्ची पडले. येथे घड्याळ नाही, आकडा नाही. पण माप निश्चित आहे, आणि ते प्रत्येकाचे स्वतःचे आहे.

नाडीपरीक्षा आपल्याकडे होती. मग व्यायामात नाडी का मोजली गेली नाही? याचे उत्तर नाडी पाहण्याच्या पद्धतीत आहे. 'शार्ङ्गधरसंहिते'पासून रूढ झालेल्या नाडीविचारात वैद्य नाडीची चाल पाहतो : ती सर्पासारखी वळते, बेडकासारखी उड्या घेते की हंसासारखी संथ जाते. हा गुणांचा विचार आहे, संख्येचा नव्हे. मौज अशी की संस्कृतात 'नाडी' किंवा 'नाडिका' हे कालमापनाचेही एक परिमाण आहे. एक नाडी म्हणजे एक घटका, म्हणजे २४ मिनिटे. शरीरातली नाडी आणि काळाची नाडी यांना एकच नाव होते, पण एकीने दुसरी मोजण्याची गरज कुणाला भासली नाही. घटिकापात्र बुडायला २४ मिनिटे लागत. त्याने ठोके मोजणार तरी कसे?

ती गाठ पडली युरोपात. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य सान्तोरिओ याने दोरीला लोंबता गोळा बांधून दोरीची लांबी नाडीच्या गतीशी जुळवण्याची युक्ती काढली. दोरी जितकी आखूड, तितकी नाडी जलद. पुढे १७०७ साली जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. १८६० मध्ये एतिएन-ज्यूल मारे याने नाडीची लहर कागदावर उमटवली; विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्थोव्हेनने हृदयाचा विद्युत्-आलेख काढला आणि त्यासाठी त्याला १९२४ चे नोबेल मिळाले. नाडी अशा रीतीने वैद्याच्या बोटांतून कागदावर आली. तरी ती अद्याप रुग्णाची नाडी होती, पहिलवानाची नव्हती.

त्याच काळात आपल्याकडील आखाड्यांत मोजणी चालू होती, पण ती जोरांची, बैठकांची आणि नमस्कारांची. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी विसाव्या शतकात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. वऱ्हाडात या परंपरेला संस्थेचे रूप मिळाले ते अमरावतीत. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे तिचे केंद्र. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, ही वऱ्हाडाने आजही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. आखाड्यातली संख्या मात्र कामाची संख्या होती. पाचशे जोर मारले, हे कळे. त्या पाचशेंची किंमत शरीराने काय मोजली, हे वस्ताद चेहरा, घाम आणि श्वास पाहून ठरवी.

शरीराने मोजलेली ही किंमत आकड्यात मांडण्याचा सर्वांत स्वस्त प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाला. हार्वर्डच्या श्रमविषयक प्रयोगशाळेत लुसियाँ ब्रुहा याने १९४३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली, जी आपल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही 'हार्वर्ड स्टेप टेस्ट' या नावाने परिचित आहे. २० इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला ३० वेळा, पाच मिनिटे चढ-उतार करावयाची. थांबल्यानंतर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या पहिल्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटात नाडीचे ठोके मोजावयाचे. समजा ते ८०, ६५ आणि ५० आले, बेरीज १९५. व्यायामाचे ३०० सेकंद गुणिले १००, त्याला या बेरजेच्या दुपटीने भागले की सुमारे ७७ हा अंक येतो, म्हणजे सरासरीच्या वरच्या बाजूला. साहित्य काय लागले? एक बाक, एक घड्याळ आणि दोन बोटे. शिवाय येथे परीक्षा आहे ती नाडी किती चढते याची नव्हे, किती लवकर उतरते याची. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा विचार आहे, आणि आजच्या जाहिरातींतून तोच वगळला जातो.

पुढचा टप्पा फिनलंडचा. बर्फावर घसरत धावणाऱ्या खेळाडूंना थांबून नाडी मोजणे परवडत नसे. सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये 'पोलर' ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीवरच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी आकडा पाठवणारे यंत्र बाजारात आले. छातीपट्टा हृदयाची विद्युत्-स्पंदने टिपतो. मनगटी पट्टीची रीत वेगळी. ती त्वचेवर बहुधा हिरवा प्रकाश टाकते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक मोजते. म्हणजे पहिले यंत्र हृदयाचा आदेश ऐकते. दुसरे त्या आदेशाचा मनगटापर्यंत पोचलेला परिणाम पाहते. स्वस्त-महागाचा विचार करण्यापूर्वी हा फरक ध्यानी घेणे आवश्यक आहे.

आता नांदगाव पेठेकडे येऊ. अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघाले की महामार्गावर हे गाव लागते. 'पेठ' या नावातच बाजार आहे. आता शेजारी औद्योगिक वसाहत आहे. याच मार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी आहे, जेथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी व्यायाम आणि ग्रामआरोग्य यांचा प्रसार केला. विदर्भातल्या अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी बहुतेक मुले-मुली हौसेने धावत नसतात. पोलीस किंवा सैन्य भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या काही मिनिटांवर घराचे पुष्कळ काही अवलंबून असते. यांच्यासाठी 'परवडणारे यंत्र' हा चैनीचा विषय नाही. चुकीच्या वस्तूवर गेलेले दोन हजार रुपये म्हणजे बुटांचा एक जोड गेला.

म्हणून निवड प्रयोजनावरून करावी. चालणे, संथ धावणे, सूर्यनमस्कार एवढेच असेल तर साधी मनगटी पट्टी पुरते; किंबहुना बोटे आणि घड्याळही पुरतात. वेगात धाव, विश्रांती, पुन्हा वेगात धाव असा भरतीचा सराव असेल तर मनगटी पट्टी मागे पडते. नाडी झपाट्याने बदलते आणि पट्टीचा आकडा काही सेकंद उशिरा येतो. आणखी एक दोष बारकाईने पाहण्यासारखा आहे. धावताना मिनिटाला सुमारे १६० ते १८० पावले पडतात आणि जोराच्या धावेत नाडीही त्याच आसपास असते. तेव्हा पट्टी कधीकधी हृदय सोडून पावलेच मोजू लागते, आणि आकडा खरा वाटतो म्हणून चूक ध्यानी येत नाही. अशा सरावाला छातीपट्टा बरा. तो साध्या पट्टीपेक्षा बहुधा महाग पडतो आणि आकडा पाहायला फोन किंवा घड्याळ लागते. पण त्यातला चपटा सेल घरी बदलता येतो आणि पुष्कळ पट्ट्यांचे कापडही वेगळे मिळते, म्हणून तो टिकतो. घालण्यापूर्वी त्याचे स्पर्शपट पाण्याने ओले करावे लागतात, एवढे पथ्य. मधला मार्ग दंडावर किंवा कोपराखाली बांधायच्या प्रकाशपट्टीचा. तेथे हालचाल मनगटापेक्षा कमी असल्याने आकडा स्थिर राहतो. २०२०-२१ च्या कोविडकाळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर नाडीही दाखवतो. विश्रांतीत तो उपयोगाचा, धावताना नव्हे. झोपेचे गुण, तणावाचे गुण, शेकडो खेळांची यादी यांसाठी अधिक पैसे मोजू नयेत. कोणत्याही अॅपशी सामान्य ब्लूटूथवरून जुळते काय, एवढे मात्र दुकानातच विचारावे.

विकत घेतल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, यंत्राची परीक्षा घ्यावी. सकाळी अंथरुणातच अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजावी आणि आकड्याशी ताडून पाहावी. मग धावून थांबताक्षणी १५ सेकंद मोजून चारने गुणावे. उशीर केला तर नाडी उतरलेली असते. अशा मोजणीत एका ठोक्याची चूक चौपट होते, म्हणून चार-पाचचा फरक क्षम्य मानावा. वीस-तीसचा फरक वारंवार येत असेल तर पट्टी मनगटाच्या हाडापासून थोडी वर, किंचित घट्ट बांधून पाहावी. तरीही सुधारणा नसेल तर ते यंत्र स्वस्त नाही, फुकट गेलेले आहे.

आकडा बरोबर आला तरी त्याचा अर्थ लावणे उरतेच. वजा वयाचे सूत्र, म्हणजे २२० मधून वय वजा केले की कमाल हृदयगती, सर्वत्र छापलेले आढळते. ते १९७१ च्या एका लेखातल्या ढोबळ अंदाजातून आले. २००१ मध्ये तानाका यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०८ उणे वयाच्या सात दशांश असे सूत्र मांडले. विशीतल्या मुलासाठी पहिले सूत्र २०० सांगते, दुसरे १९४. साठीच्या माणसासाठी पहिले १६०, दुसरे १६६. आणि दोन्ही सूत्रे समूहाची आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-वीस ठोक्यांचे अंतर सहज असते. फिनलंडच्याच कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये विश्रांतीतली नाडीही हिशेबात घेतली, ती याचसाठी. हृदयगती कमी करणारी औषधे चालू असतील तर ही सारी गणिते मोडतात. तेथे डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

वऱ्हाडचा उन्हाळा या साऱ्याहून मोठा परीक्षक आहे. उष्म्यात त्वचेकडे रक्त धाडण्यासाठी हृदयाला जास्त काम पडते; घामाने पाणी घटते; वेग तोच असताना नाडी चढत जाते. जानेवारीत ज्या वेगाला १५० ठोके पडत, त्याच वेगाला मे महिन्यात १६५ पडणे नवलाचे नाही. अशा वेळी वेग कमी करावा, हे यंत्र सांगते. आणि ऋतू पाहून शक्ती खर्चावी, हे वाग्भटाने सांगितलेच होते. पण छातीत दुखू लागले, भोवळ आली, घाम थांबून अंग तापले, तर आकडा कितीही सौम्य असो, थांबायचे असते. या खुणांसाठी मनगटावर पडदा नाही. भरतीच्या वयातल्या मुलांना हे सांगणे आम्हां शिक्षकांचे काम आहे, कारण त्या वयात आकड्याचा मोह मोठा असतो आणि थांबण्याची लाज त्याहून मोठी.

दम हे माप गेले आणि ठोका हे माप आले, असा या इतिहासाचा सारांश काढता येईल. पण तो अर्धाच खरा ठरेल. ठोका दमाला साक्षीदार म्हणून मिळाला, त्याच्या जागी बसायला नव्हे. ज्याला आपली नाडी दोन बोटांनी सापडते त्याला साधे यंत्रही पुरते, कारण त्याची चूक तो पकडू शकतो. ज्याला ती सापडत नाही त्याला महागडे यंत्रही हवे ते सांगून फसवू शकते. तेव्हा नांदगाव पेठेच्या बाजारात किंवा अमरावतीच्या दुकानात यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आठवडाभर रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहून ठेवावी. कोणते यंत्र घ्यावे, आणि ते घ्यावेच काय, याचा निर्णय बहुधा त्या वहीतूनच होईल.