हजेरीपटातून घराण्याचा शोध

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सनदा, वतने आणि तलवारी येतात. पाटलाच्या, देशमुखाच्या घरी वंशावळ सापडते, कारण वतनाच्या तंट्यात ती दाखवावी लागे. ज्याला वतन नव्हते आणि वावरही नव्हते, त्याचा खापरपणजा कोण, हे त्याच्या वंशजाला सहसा सांगता येत नाही. आज मी अशाच माणसांच्या घराण्यांविषयी, म्हणजे मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांविषयी, चार गोष्टी सांगणार आहे. भीमाकाठच्या मांडवगण फराट्यात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, ती माणसे समुद्रापार गेली ती ऊस तोडायला. आणि ऊस काही आपल्याला परका नाही.

मॉरिशसवर राज्य इंग्रजांचे होते, मळे बहुतेक फ्रेंच वंशाच्या मालकांचे होते. 1835 च्या फेब्रुवारीत तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. फुकटचे हात जाणार, हे मालकांनी आधीच ओळखले होते. म्हणून 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 हिंदी मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. मजुरांच्या हालांचा बोभाटा झाल्यावर मध्यंतरी या भरतीवर बंदी आली. 1842 साली ती उठली, तेव्हा कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीने मुंबई बंदरही खुले झाले. मुंबईहून गेलेल्यांत कोकणचा माणूस फार. 1910 पर्यंत सर्व प्रांतांतून मिळून सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली.

आरंभीचा करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला 5 रुपये आणि वर शिधा. एक खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास बाळगणे भाग पडले. या जाचाविरुद्ध 1871 साली 9,401 मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. आदोल्फ द प्लेविझ या गोऱ्या मळेवाल्याने त्यांची बाजू घेतली, आणि पुढे चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला.

बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. नोंदवहीत त्या नंबरापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर पाठवले ते लिहीत. 1860 च्या दशकापासून छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हे दप्तर कोणी मजुरावरील मायेने ठेवले नव्हते. मजूर पळाला तर ओळखून धरून आणता यावा, हा त्याचा हेतू. पण काळाचा न्याय पाहा: पायातली बेडी म्हणून लिहिलेला कागद आज पणतूच्या हाती घराण्याची सनद म्हणून पडतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत हे दप्तर जपून ठेवले आहे.

शोधाची रीत साधी आहे. आधी घरातील वडीलधाऱ्यांच्या जन्माची व लग्नाची सरकारी नोंद काढायची. तेथून एकेक पिढी मागे जायचे. जुन्या नोंदींत आईबापांच्या नावापुढे तो नंबर आढळतो. नंबर सापडला की नोंदवही उघडते. अडचण येते ती नावांची. तिथे बापाचे पाळण्यातले नावच पुढे मुलांचे आडनाव होऊन बसले, आणि मूळ आडनाव बुडाले. गावाचे नाव कारकुनाने कानाला लागले तसे लिहिले. अशा वेळी चालीरीती साक्षीला येतात. मॉरिशसचे मराठी लोक ‘झाकरी’ नाचतात. ती आपल्या कोकणातली जाखडीच आहे. कागदावर गाव पुसट झाले, तरी पायांनी ते सोडले नाही.

आयर्लंडच्या लोकांची कथा याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. 1845 पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे 10 लाख माणसे दुष्काळात मेली, आणि त्याहून अधिक देशोधडीला लागून अमेरिकेत व इतरत्र गेली. त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधतात, तेव्हा 1922 ची आग आडवी येते. यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि जुन्या शिरगणतीचे बहुतेक कागद राख झाले. मग आधार उरतो तो चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचा, आणि ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने 1847 ते 1864 या काळात छापलेल्या कर-आकारणीच्या याद्यांचा. त्यांत कुळांचीही नावे आहेत. म्हणजे तिथेही गरिबाचे नाव टिकले ते करवसुलीच्या कृपेने!

मॉरिशसचा मराठी माणूस गावाचे नाव घेऊन इकडे येतो, तेव्हा आपल्याकडचा धागा मात्र चटकन तुटतो. सातबाऱ्यावर जमीनवाल्याचे नाव. याचा पूर्वज जमीन नव्हती म्हणूनच गेलेला. तरी जन्ममृत्यूचे जुने कोतवाल बुक आहे, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. गेलेल्याचे नाव त्यांत नसेल, पण मागे राहिलेल्या भावाचे असू शकेल. या शोधाला आता व्यवहाराचेही मोल आले आहे. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमध्ये जाहीर केले की, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल. जुन्या नंबराला असा दर येईल, हे तो लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नसेल.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. त्यांचा हिशेब माणशी होत नाही, कोयत्यावर होतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल किती, फेड किती, हे मुकादमाच्या वहीत. बाईचे नाव पुष्कळदा त्या वहीतही नसते. पालावर जन्मलेल्या मुलाची नोंद राहून जाते. शासनाची ओळखपत्रे निघाली आहेत, ती प्रत्येकाच्या हाती पडली की नाही हे पाहणे आपले काम आहे. जुलमी मळेवाल्यांच्या राज्यात मजुराच्या बापाचे नाव आणि गाव लिहिले गेले. आपण तर स्वतंत्र देशाचे नागरिक. आपल्या फडात आलेल्या प्रत्येक बाईमाणसाचे, प्रत्येक लेकराचे नाव ग्रामपंचायतीच्या एका वहीत दर हंगामी लिहिले जावे, एवढे या सभेतून ठरले तरी पुष्कळ झाले. शंभर वर्षांनी त्यांचेही कोणी नातू-पणतू शोधायला येतील. त्यांना दाखवायला गावाकडे पान असले पाहिजे.